सोळा इंची चाकांची हवा

"आई, दारावरच्या स्टिकरवर हवेचा जो आकडा आहे ना, तो आता विसर. आणि हवेच्या बाबतीत कोणाचंही ऐकू नकोस."

एवढं सांगून आमचा अथर्व बॅग ओढत विमानतळाच्या आत गेला. मग हवा किती ठेवायची, ते सांगायचं राहूनच गेलं. मागचा टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता आणि माझ्यामुळे कोणी ताटकळलेलं मला आवडत नाही, म्हणून मी निघाले. दिल्लीत द्वारकेला घरी पोचल्यावर फोन केला, तर म्हणाला, "आई, ते डिपेंड करतं." कशावर, हे विचारेपर्यंत त्याचं बोर्डिंग सुरू झालं.

चाकं त्यानेच बसवली होती. पुण्याहून आठ दिवसांची रजा काढून आला आणि आमच्या दहा वर्षांच्या गाडीची चौदा इंची चाकं काढून तिला सोळा इंची चकचकीत अलॉय घातली. आईबाबांना भेट म्हणून. मुलाने प्रेमाने दिलेली वस्तू आपण नाकारत नाही, त्यामुळे मी चारही चाकांना हळदकुंकू वाहिलं. चाक मोठं झालं की रबर बारीक होतं, हे मात्र मला तेव्हा ठाऊक नव्हतं. पूर्वी टायर भाकरीसारखे जाड होते, आता फुलक्यावर आले होते. रस्त्यावर पडलेला सुपारीचा तुकडासुद्धा आता बसल्या जागी कळू लागला.

एरवी मी तेही देवाची इच्छा म्हणून सोसलं असतं. पण मी हेमलताताईंना शब्द दिला होता.

हेमलताताई आमच्या वरच्या मजल्यावर राहतात. वय एकोणऐंशी. चौतीस वर्षं दिल्लीतल्या एका शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेल्या. संक्रांतीला पानिपतला जायचं, काला अंबला लढाईत पडलेल्या मराठ्यांच्या स्तंभापुढे उभं राहायचं आणि परत यायचं, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा नेम. मग मणक्याचं ऑपरेशन झालं आणि दोन वर्षं खाडा पडला. यंदा डॉक्टरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर: गाडीत धक्के बसता कामा नयेत. "दोनदा चुकलं ते आजारपण," त्या मला म्हणाल्या होत्या. "तिसऱ्यांदा चुकलं तर नेम मोडलाच म्हणायचा." हे वाक्य ज्याला नेम नाहीत त्याला कळणार नाही. मला कळलं. मी म्हटलं, मी नेते.

माझेही दोन नेम आहेत, आणि पुढच्या घोटाळ्यात दोघांचाही हात आहे म्हणून सांगते. पहाटे उठल्यापासून पूजा आटोपेपर्यंत, म्हणजे साधारण साडेआठपर्यंत, माझं मौन असतं. आणि संध्याकाळी दिवा लावला की त्या दिवशी ज्याने आपल्यावर उपकार केले अशा एकाचं नाव घेऊन त्याचे मनोमन आभार मानायचे. दुसरा नेम सोपा वाटतो. तो तसा नाही. काही दिवशी दिव्यातलं तेल संपत येतं तरी नाव सापडत नाही.

गाडी मीच चालवते. आमच्या यजमानांकडे, म्हणजे पद्माकरांकडे, लायसन्स आहे, धीर नाही. ते मानेसरला हॉर्न बनवणाऱ्या कारखान्यात खरेदी सांभाळतात आणि कंपनीच्या बसने जातात. मी हॉर्न वाजवत नाही, हे त्यांच्या मनाला अजून लागतं.

तर संक्रांतीला पंचवीस दिवस होते. कोणाचं ऐकू नकोस हे मुलाचं वाक्य माझ्या लक्षात होतं, पण बेसमेंटच्या पार्किंगमध्ये आमच्या शेजारची जागा ढींगरांची आहे. ढींगराजी विमा कंपनीतून निवृत्त झाले असून गाडी या विषयावर ते न विचारता बोलतात. मला टायरपुढे वाकलेली पाहून ते लिफ्टकडून तीन गाड्या ओलांडून आले. म्हणाले, भाभीजी, सगळं टायरवरच लिहिलेलं असतं, लोक वाचत नाहीत. मग त्यांनी मोबाइलचा उजेड पाडून टायरच्या कुशीवरचा आकडा वाचला: एक्कावन्न. त्याच्या आधी 'मॅक्स' असा शब्द होता, तोही त्यांनी वाचला, पण त्यांच्या मते ती कंपनीने दिलेली हमी होती. तरी सावधगिरी म्हणून आपण पंचेचाळीस ठेवू, असं त्यांनी आम्हा दोघांच्या वतीने ठरवलं.

पंचेचाळीस हवा भरून मी हेमलताताईंना त्यांच्या फिजिओथेरपिस्टकडे घेऊन निघाले. तेवढीच तालीम. सोसायटीच्या फाटकाबाहेर पहिला स्पीडब्रेकर आहे. मी तो इतक्या हळू ओलांडला की एक सायकलवाला आमच्या पुढे गेला. तरीही गाडी दगडावर आपटावी तशी आपटली. हेमलताताई फक्त "अगं" म्हणाल्या. पीटीच्या बाईंनी नुसतं अगं म्हणावं, यावरून काय ते समजा. पुढचे तीन दिवस त्या गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊन पडून होत्या.

मी रोज त्यांना डबा नेऊन देत होते आणि त्या रोज हसून म्हणत होत्या की काही नाही गं, बरं आहे. तिसऱ्या दिवशी मात्र म्हणाल्या, "कुमुद, अकरा जानेवारीपर्यंत बघू. तोवर जमलं नाही तर तू शब्दातून मोकळी." मला मोकळं व्हायचं नव्हतं. त्या संध्याकाळी दिव्यापुढे मी ढींगरांचे आभार मानले. का, ते विचारू नका. मोबाइलचा उजेड त्यांचा होता.

हवा जास्त झाली की काढायची, हे कुकर वापरणाऱ्या कोणत्याही बाईला कळतं. मी काढली. पद्माकर म्हणाले, अजून काढ, मऊ होईल. आम्ही चोवीसवर आलो. गाडी खरंच मऊ झाली. इतकी की वळताना स्टिअरिंग म्हणजे घट्ट कणीक तिंबल्यासारखं वाटे, पण ताईंच्या पाठीसाठी माझी तेवढी तयारी होती. दुसऱ्या दिवशी मेट्रोच्या खांबाजवळ एक खड्डा आला. पाण्याने भरलेला, त्यामुळे तो मला निष्पाप वाटला. ठण्ण असा आवाज झाला. रबर होतंच किती. खड्डा थेट अलॉयशी बोलला.

टायरच्या दुकानात उस्तादांनी चाक काढलं, वाकलेली कड अंगठ्याने चाचपली आणि हवा मोजायचा गेज लावून आकडा बघितला. मग माझ्या कपाळावरचं कुंकू, गळ्यातली तुळशीची माळ आणि गाडीतला गणपती असं सगळं एकदा पाहून घेतलं.

"आंटीजी," ते शांतपणे म्हणाले, "गाडी को भी व्रत रखवा दिया?"

दुकानातले सगळे हसले. मीही हसले, कारण मान खाली घालायला जागा नव्हती, तिथे चाक होतं. उस्तादांनी कड सरळ करून दिली, पस्तीस हवा भरली, सगळ्यांना मी पस्तीसच भरतो म्हणाले. टोमणा मारला तरी काम मन लावून केलं त्यांनी. त्या संध्याकाळी नाव लगेच सापडलं.

आता मी शहाणी झाले होते. स्वतःचा गेज आणला, छोटा, आकडे उजळणारा. दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेच्या फुलांसाठी खाली गेले तेव्हा लावून पाहिला. बत्तीस. चारही टायर बत्तीस. काल दुपारी पस्तीस भरलेली हवा रात्रीतून गेली कुठे? मी पंपावर जाऊन पुन्हा पस्तीस करून आणली. पुढच्या सकाळी पुन्हा बत्तीस. एका टायरची गेली तर पंक्चर म्हणता येतं. चारही टायरांची, तीही सारखी मोजून, जाते म्हणजे कोणीतरी काढतो आहे. मी कोणावर संशय घेत नाही, पण मी गार्डला सांगितलं. त्याने रजिस्टरमध्ये नोंद केली: 'हवा कम. चारों पहिये. अज्ञात.' आणि त्या रात्री तो बिचारा स्टूल घेऊन आमच्या गाडीपाशी बसला. सकाळी पुन्हा बत्तीस. गार्डने मला शपथेवर सांगितलं की मांजरसुद्धा फिरकलं नाही. त्या संध्याकाळचे आभार त्याचे.

पंपावरची गोष्ट राहिली. तिथे मी सकाळी सात वाजता जायची, म्हणजे मौनात. हवा भरणारा गृहस्थ विचारायचा, कितनी? मी चिठ्ठी पुढे करायची: ३५. हात जोडायचे, निघायचं. चार वेळा असं झालं. तो मला मुकी समजून बसला, हे मला कसं कळावं? माझी काच फुकट पुसून द्यायचा, रांगेत पुढे घ्यायचा, मला वाटे दिल्लीत अजून माणुसकी आहे. एकदा दुपारी गेले आणि सवयीने म्हटलं, भैया, नमस्ते. त्याच्या हातातली नळी खाली पडली. "माताजी की आवाज़ लौट आई," तो मागच्या रिक्षावाल्याला म्हणाला, आणि दोघांनी मला नमस्कार केला. खरं सांगायला मी तोंड उघडलं, पण मागे सहा गाड्या होत्या. त्याच्या श्रद्धेला तडा जाऊ नये म्हणून आता मी दुसऱ्या पंपावर जाते.

अशात जानेवारी लागला. हेमलताताई घरातल्या घरात काठी घेऊन चालायचा सराव करत होत्या. टक टक आवाज मला स्वयंपाकघरात ऐकू यायचा. दर टक मला विचारत होतं, किती?

शेवटी पद्माकर कामाला आले. त्यांच्या बसमध्ये शेजारी बसणारा मारुती गावडे नावाचा मुलगा, असेल तिशीचा, शेजारच्या कारखान्यात नव्या गाड्यांना चाकं बसवायच्या लाइनवर काम करतो. पद्माकर रोज त्याच्या शेजारी बसून दीड तास झोपत होते. त्या दिवशी झोप लागली नाही म्हणून बोलले. मारुती म्हणाला, काकूंना सांगा रविवारी सकाळी येतो, पण त्याआधी गाडी हलवू नका.

रविवारी सात वाजता तो फाटकाशी आला. आमच्या सोसायटीत पाहुण्याची नोंद मोबाइल ॲपवर होते आणि येण्याचं कारण निवडावं लागतं: डिलिव्हरी, टॅक्सी, कामवाली, पूजा, इतर. गार्डला एवढं ठाऊक होतं की मराठी आंटीकडे भल्या सकाळी मराठी माणूस आला आहे. त्याने 'पूजा' निवडलं. ही नोंद सोसायटीच्या सेक्रेटरी रुचिताजींच्या मोबाइलवरही जाते, हे आम्हाला नंतर कळलं.

मारुती गाडीपाशी उकिडवा बसला आणि समजावू लागला. मी मौनात होते, म्हणून हात जोडून नुसती मान डोलवत होते. तो म्हणाला, काकू, हवा कोणी चोरत नाही. थंडीने ती आकसते. दुपारच्या उन्हात, नाहीतर पंपापर्यंत चालवून तापलेल्या टायरमध्ये भरलेली पस्तीस म्हणजे पहाटेची बत्तीसच. सकाळी, गाडी उभी असताना मोजलेली हवा तीच खरी. दारावरचा आकडा जुन्या टायरचा, तीसचा. टायरवरचा एक्कावन्न म्हणजे याच्या वर गेलात तर धोका, एवढंच. बारीक रबराला जुन्यापेक्षा थोडी जास्त लागते, पण थोडीच. किती थोडी, ते टायरलाच विचारायचं. आडवी रेघ ओढायची, सरळ रस्त्यावर जरा चालवायचं. रेघ मध्ये पुसली तर हवा जास्त. कडेला पुसली तर कमी. सगळी सारखी पुसली की झालं.

त्याने खडू आणला होता, पण दवाने ओल्या रबरावर खडू उठेना. मी वर जाऊन तुळशीच्या कुंडीला लावायचा गेरू कालवून आणला. रेघेच्या बाबतीत मी कोणाला हार जात नाही. चाळीस वर्षं दारात रांगोळी काढली आहे. चारही टायरांवर सुरेख तांबड्या रेघा ओढल्या आणि उभी राहिले, तेव्हा पलीकडे ढींगराजी मफलर काढून, हात जोडून उभे होते.

पस्तीसला रेघ मध्ये पुसली. एकतीसला कडा गेल्या. मारुती प्रत्येक वेळी थोडी हवा कमी-जास्त करायचा, टायर गार व्हायची वाट बघायचा, मी नवी रेघ ओढायची. तेहेतीसला रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी फिकी झाली. मारुती म्हणाला, "तेहेतीस. सकाळची." पूजा व्हायची होती, म्हणून मी आनंदाने नुसती टाळी वाजवली.

सोमवारी बेसमेंटमध्ये तीन गाड्यांच्या टायरांवर तांबड्या रेघा होत्या. मंगळवारी सात. ढींगरांच्या स्कूटरलासुद्धा. तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने मला लिफ्टमध्ये गाठून हळूच विचारलं की किती रविवार करायचं असतं आणि त्या दिवशी मीठ चालतं का. बुधवारी नोटीस लागली: पार्किंगमध्ये धार्मिक विधी करू नयेत, फरशीवर डाग पडतात. खाली माझ्या फ्लॅटचा नंबर. देवाधर्माच्या नावाने माझं नाव नोटीस बोर्डावर लागावं! मी लेखी खुलासा दिला. त्यात टायरचा आकार, थंड हवा, गरम हवा, सगळं लिहिलं. कमिटीने तो दोनदा वाचला आणि ठराव केला की श्रद्धा बाजूला ठेवून हवा तपासायला हरकत नाही, डाग ज्याचा त्याने पुसावा. मी सात गाड्यांखालचे डाग पुसले. वाकलेली असताना रुचिताजी आल्या आणि इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "आंटी, मेरी वाली में कितनी रखूँ?"

अकरा तारीख रविवारी आली. पूजा पहाटेच उरकून घेतली होती. हेमलताताई पुढच्या सीटवर बसल्या, पाठीशी उशी. मारुती आणि पद्माकर मागे. ताईंनी डोळे मिटून घेतले. मी फाटकाबाहेर पडले, सेक्टरला वळसा घातला आणि परत आले. गाडी थांबल्यावर त्या डोळे न उघडता म्हणाल्या, "सात स्पीडब्रेकर होते. सगळे मोजले. पाठीपर्यंत एकही आला नाही."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी पदराने टिपलं. मारुतीला विचारलं की बाबा रे, तुझे उपकार कसे फेडू? जेवायला थांब, संक्रांतीला आमच्याबरोबर चल.

"बुधवारी शिफ्ट आहे, काकू. तीन वर्षं मानेसरला आहे, पण ह्या दिवसाला रजा मिळतच नाही." मग म्हणाला, "आमच्या कवठेवाडीतनं चौघं गेले होते म्हणतात तिकडं. परत कोणी आलं नाही. नावंबी राहिली नाहीत. तुम्ही तिथं गावाचं नाव तेवढं घ्याल का? जरा मोठ्यानं."

मी घेईन म्हणाले, आणि लगेच मनात चरकले. मोठ्यानं हा शब्द माझ्या गळ्यात नाही. भाजीवाल्यालासुद्धा मी पद्माकरांकडून हाक मारवते. हेमलताताईंनी मागे वळायचा प्रयत्न केला, मग आरशातूनच त्याच्याकडे पाहिलं.

"ते माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "चारशे पोरांची कवायत घेतलीय मी, लाउडस्पीकरशिवाय."

चौदाच्या सकाळी आम्ही खाली उतरलो तेव्हा ढींगराजी आधीच गाडीपाशी वाकलेले होते. माकडटोपीत, गेज हातात. चारही टायर त्यांनी पाहून ठेवले होते. पंचेचाळीसची आठवण त्यांनी काढली नाही, मीही नाही. "तैंतीस, भाभीजी. चारों," एवढंच म्हणाले, आणि हेमलताताईंच्या बाजूचं दार त्यांनी स्वतः उघडलं. त्या दिवशी मला एकाच नावावर भागवता आलं नसतं, हे तेव्हाच दिसत होतं.

महामार्गावर धुकं होतं. मी पन्नासच्या वर गेले नाही. ट्रकवाले हॉर्न वाजवत पुढे जायचे आणि पद्माकर प्रत्येक हॉर्न कोणत्या कंपनीचा ते सांगायचे. मुरथळच्या पुढे रस्ता उखडलेला लागला. मी ताईंकडे पाहायचं टाळलं. तो तुकडा संपला तेव्हा बाजूने बारीक घोरण्याचा आवाज येत होता.

काला अंबला पोचलो तेव्हा ऊन पडलं होतं. भगवे फेटे, ढोल, महाराष्ट्रातून आलेल्या बसगाड्या, मोबाइल उंच धरलेले हात. गाडी लावली. पद्माकर तिळगुळाचा डबा शोधायला लागले. ताईंना उतरवायला मी घाईने पलीकडे गेले, तर दार उघडं होतं आणि त्या खाली उभ्या होत्या. एक हात गाडीच्या टपावर, कणा ताठ. डाव्या तळहातावर बॉलपेनने काहीतरी लिहिलेलं होतं. त्यांनी मूठ उघडून ते एकदा वाचलं, ओठ हलवून पुन्हा म्हणून पाहिलं.

मी हात पुढे केला. त्यांनी मान हलवली, काठी घेतली, आणि कोणाला बाजूला व्हा असंही न म्हणता त्या गर्दीतून स्तंभाच्या दिशेने चालू लागल्या.